टोपणांवरची फौज

जनावराच्या कानातले केस मागून नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डोणगावच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. म्हणजे जखम धुणं, मलम लावणं, शिंगाला मार लागला तर पट्टी बांधणं. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी सांगायचे, मी डॉक्टर नाही, ड्रेसर. एका भेटीत पाचदा डॉक्टर म्हटलं तर पाचदा सांगायचे. मी त्यांना साहेब म्हणायचो, त्याला त्यांची हरकत नव्हती.

पट्टी बांधून झाली की साहेब हळूच विचारायचे, गोऱ्ह्याच्या कानातले चार केस घेऊ का. विचारल्याशिवाय कधी घेतले नाहीत. आधी मालकाला विचारायचे, मग गोऱ्ह्याच्या तोंडाकडे पाहून त्यालाही विचारायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, केस काऊन पायजे.

"भुवया रंगवाले."

"कोनाच्या?"

साहेबांनी करंगळीचं नख त्याच्यापुढे धरलं. "एवढं तोंड असते. त्याच्यावरच्या."

त्या शेतकऱ्यानं गोऱ्ह्याचा कासरा सोडला आणि पुढची पट्टी बदलायला तो मेहकरला गेला.

केस ते दोऱ्यानं बांधून पेनाच्या रिकाम्या कांडीत बसवायचे. झाला ब्रश. शेपटीचा केस नुसता ताठ, पाठीचा नुसता मऊ, कानातला दोन्ही. हे ज्ञान त्यांनी मला इतक्यांदा दिलं की आता बैल दिसला की माझी नजर आधी कानाकडे जाते.

साहेब सहा वर्षं माझे भाडेकरू होते. घराच्या मागची खोली, दार बोळात. माणूस एकटा. लग्न का केलं नाही ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माझं हायवेवर रेडिएटरचं दुकान. ट्रकचा, ट्रॅक्टरचा रेडिएटर गळायला लागला की पाण्याच्या टाकीत बुडवायचा, बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं आणि तिथं डाख द्यायची. डाख म्हणजे कथील आणि शिसं एकत्र वितळवलेलं. चौथी शिकलेल्या माणसाला पुरतं तेवढं काम. चाळीस वर्षं तेच केलं.

नवीन राहायला आले तेव्हा एक दिवस साहेब दुकानात येऊन म्हणाले, थोडी डाख मिळेल का. मी म्हटलं, काय गळते? त्यांनी शर्टाच्या खिशातून एक टोपण काढलं. सोड्याच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण, आणि त्यावर चिकटवलेला बोटाच्या दोन पेरांएवढा घोडेस्वार. अंगभर चिलखत, तोंडावर लोखंडी झाकण, हातात भाला. घोड्यालाही झूल, झुलीवर नक्षी. मी म्हटलं, हे कोणत्या देवाचं? ते म्हणाले, देवाचं नाही, खेळ आहे.

खेळ त्यांच्या पुण्याच्या भाच्याचा. भाच्याचं लग्न झालं, घरात जागा राहिली नाही, त्यानं पेटी मामाला देऊन टाकली. पन्नाशीच्या मामानं पेटी उघडली आणि मामा गेला कामातून. त्यात चिलखतवाले होते, भालाईत होते, हिरव्या कातडीचे सुळेवाले राक्षस होते, पंखाचा अजगर होता. दोन फौजा समोरासमोर मांडायच्या, टेपनं अंतर मोजून चालवायच्या, फासे टाकून लढवायच्या. पण साहेबांना लढाईपेक्षा रंगवण्याचं वेड. मोबाइलवर गोऱ्या लोकांचे रंगवतानाचे व्हिडिओ पाहायचे. इंग्रजी समजतं का, मी विचारलं. ते म्हणाले, "तोंड नाही समजत, हात समजते."

भाच्याची पेटी संपल्यावर ते स्वतः बनवायला लागले. दोन रंगांची लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी मिळते, मिसळली की दगडासारखी होते, ती घ्यायची. टाचणीनं कोरून बाहुला करायचा. गणपतीच्या कारखान्यात वापरतात त्या रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात डाख ओतायची. म्हणून ते माझ्याकडे आले होते. माझ्या दुकानात खाली सांडलेली, झाडून काढलेली डाख पुष्कळ असायची. घेऊन जा म्हटलं. म्हणजे धातू माझा होता. पुढं हे मी स्वतःला फार वेळा ऐकवलं.

टोपणावर चिकटवायचं कारण असं की रंगवताना हात बाहुल्याला लागू नये. पानटपरीवाल्याकडून ते टोपणं गोळा करायचे, त्यातही घोडेस्वार पांढऱ्यावर, पायदळ निळ्यावर, राक्षस लालवर. हिरवं टोपण त्यांना चालायचं नाही, का ते माहीत नाही. ओली लांबी बोटानं दाबली की बोटाचा ठसा उमटतो, तो तर त्यांना मुळीच खपायचा नाही. बोट पाण्यात बुडवून पुसायचे, भिंगातून पाहायचे, पुन्हा पुसायचे. म्हणायचे, बनवणाऱ्याचा हात दिसला की फौज खोटी वाटते. रंगवताना डोळे सगळ्यात आधी. व्हिडिओतले लोक म्हणे डोळे मागून करतात, पण साहेबांचा कायदा वेगळा. "डोये आधी. मंग तो सोताच सांगते बाकी काय करा लागते थे." झग्याच्या आतली बाजू, ढालीच्या मागची बाजू, जिथं कोणी कधी पाहणार नाही तिथंही ते रंग द्यायचे. मी म्हटलं, कोण पाहतं तिथं? ते म्हणाले, "त्याले तं माहीत असते ना जी."

सोबत खेळणारं कोणी नव्हतं म्हणून ते दोन्हीकडून एकटेच खेळायचे. एक जुनं दार विटांवर आडवं टाकलेलं, तेच रणांगण. चिलखतवाल्यांची पाळी आली की चष्मा लावायचे, राक्षसांची आली की काढायचे आणि दाराला वळसा घालून पलीकडे जायचे. राक्षस जिंकले त्या रविवारी ते जेवायचे नाहीत. चिलखतवाले जिंकले त्या रविवारीही फारसे जेवायचे नाहीत, कारण बिनाचष्म्याचे साहेब हरलेले असायचे.

हे सगळं मला बायकोनं सांगितलेलं. मी रविवारीही दुकानात असायचो.

तिला त्या खोलीचा नाद कसा लागला ते सांगतो. ती वरवट बकाल गावची. तिच्या माहेरी पोळ्याला मातीचे बैल करून विकायचे. सातव्या वर्षापासून हात मातीत. माझ्या घरी आल्यावर माती संपली. तीस वर्षं तिनं कणीक मळली, आणि मला कधी सुचलं नाही की या हाताला आणखी काही येत असेल. साहेबांना चहा द्यायला गेली, त्यांचा घोडा पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, या घोड्याचा मांगचा पाय मोडला हाय." साहेबांनी भिंगातून पाहिलं. मांडी उलटी वळली होती. त्या दिवसापासून जनावरं तिच्याकडे. दुपारी भांडी झाली की ती बोळातून तिकडे जायची आणि दार सताड उघडं ठेवून दोघं लांबी मळत बसायचे. पुढं ती खेळायलाही लागली. तिसऱ्याच खेळात तिनं साहेबांच्या घोडेस्वारांना दोन तेलाच्या डब्यांच्या मधात कोंडलं. ते डबे म्हणजे डोंगर. साहेब हरले आणि त्या रविवारी पोटभर जेवले.

वाचणारा भलतीकडे जाईल म्हणून सांगून टाकतो. माझ्या मनात तसलं काही कधी आलं नाही. साहेब तिला वैनी म्हणायचे आणि राखीला सरळ हात पुढे करायचे. माझं दुखणं दुसरं होतं. ती तिथं हसायची. घरात ती हसत नव्हती असं नाही, पण माझ्यासोबत हसायला मी घरात लागतो ना. आलो की जेवायचो, झोपायचो. आणि तिच्या हातच्या वस्तूंना मी काय म्हणायचो ते ऐका. पोरखेळ. चारचौघांत म्हणायचो, आमची म्हातारी बाहुल्या खेळते.

आता माझ्याबद्दल एक सांगावं लागतं. माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. डाव्या गालावर वाफेनं भाजल्याचा डाग, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं होतं. ड्रायव्हर लोकांनी जन्मभर मला बुटक्या म्हटलं. "अबे बुटक्या, रेडिएटरात उतरूनच पाय ना आत काय झालं थे." मीही हसायचो, धंदा होता. पण लग्नात जे झालं त्याच्यावर मला कधी हसता आलं नाही. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच. अंतरपाट धरला तर मी दिसेचना, म्हणून कोणीतरी माझ्या पायाखाली पाट सरकवला. तो पाट हलला आणि सगळा मांडव हसला. अंतरपाट खाली आला तेव्हा मी पहिल्यांदा तिचं तोंड पाहिलं. ती हसत नव्हती. सगळ्या मांडवात ती एकटी हसत नव्हती. त्याच्यावर मी तीस वर्षं जगलो.

दसऱ्याला आठ दिवस होते. मी पावतीबुक विसरलो म्हणून दुपारीच घरी आलो. बोळातून जाताना साहेबांच्या खिडकीतून हसणं ऐकू आलं. मी थांबलो. तिच्या हातात निळं टोपण होतं आणि टोपणावर एक बुटका. बाकीच्या फौजेच्या अर्ध्या उंचीचा. जाडजूड, भट्टीपुढे बांधतात तशी कातडी पुढे बांधलेली, हातात हातोडा, ओठावर झुपकेदार मिशी. डाव्या गालावर लाल डाग.

ती म्हणाली, "उंची तं आता बराबर जमली, नाही काय भाऊ?"

आणि ती हसली. साहेबही हसले. पोट धरून.

मी दुकानात परत गेलो. पावतीबुक घेतलंच नाही.

त्यानंतर तीन दिवसांनी साहेब खेड्यापाड्यांत जनावरांना लस टोचायच्या कामावर गेले. ती भावाच्या मुलाच्या साखरपुड्याला वरवट बकालला गेली. खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे होती. फौज एका पत्र्याच्या पेटीत, टोपणं ओळीनं लावलेली. शंभराच्या वर असतील. मी खाली बसलो आणि एकेक टोपणावरून उपटला. धातूचे सगळे थैलीत, टोपणं परत पेटीत. भाच्याचे प्लास्टिकचे तेवढे सोडले. बुटका शेवटच्या ओळीत सापडला.

दुकानात भट्टी पेटवली. लोखंडी पळीत मूठ मूठ टाकत गेलो. रंग आधी फुगतो, मग काळा होतो, मग वास येतो. धूर डोळ्यात गेला. घोडे बसल्यासारखे बसले. अजगराचा एक पंख बराच वेळ उभा होता. बुटक्याला मी शेवटी टाकलं. तो पायापासून वितळला, उभ्याउभ्या खाली गेला, तोंड वर ठेवून. तेवढ्यात साखरखेर्ड्याकडचा एक ट्रॅक्टरवाला रेडिएटर घेऊन आला. चांगलाच फुटलेला होता. मी त्याच पळीतली डाख त्याला दिली. पक्कं काम झालं. तो खूश होऊन गेला.

साहेब आल्यावर त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, की खोलीत उंदीर शिरला होता म्हणून उघडली, पेटीत माझी डाख दिसली, मला वाटलं भंगार आहे, वितळवली. तीही तिथंच उभी होती, सकाळच्या गाडीनं आली होती. साहेबांनी पेटी उघडली. रिकाम्या टोपणांकडे पाहिलं. फक्त एक शब्द बोलले.

"सगळे?"

मी म्हटलं, हो, सगळे.

"बरं," ते म्हणाले. "डाख तं कामी आली." आणि पेटीचं झाकण लावलं, हळू, आत कोणी झोपलं असावं तसं.

भांडले नाहीत. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली आणि ते गेले. जाताना मला नमस्कार केला. मीही केला. तिनंही मला काही विचारलं नाही. स्वयंपाक तसाच, चहा तसाच. मला वाटलं, पचलं.

एक गोष्ट मात्र बदलली आणि ती मला तेव्हा कळली नाही. दसऱ्याला आमच्या दुकानात हत्यारांची पूजा असते. ऐरण, हातोडा, पळी, पकडी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. लग्नापासून दर दसऱ्याला ती नवी साडी नेसून दुकानात यायची आणि स्वतःच्या हातानं कुंकू लावायची. त्या वर्षी म्हणाली, गुडघे दुखतात. ताट भरून पाठवून दिलं. पुढच्या वर्षीही गुडघे. आठ दसरे गुडघे दुखले. त्या आठ वर्षांत ती तीनदा शेजारच्या कृष्णा भाऊच्या गच्चीवर पापड वाळवायला चढली, दोनदा गडावरच्या देवीला पायऱ्यांनी जाऊन आली. मी मोजलं नव्हतं. आता मोजलं.

यंदा श्रावणात ती गेली. चार दिवसांचा ताप, पाचव्या दिवशी मेहकरच्या दवाखान्यात. तेरवी झाल्यावर लेकीनं तिची ट्रंक उघडली. बांगड्यांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेला, पेनाच्या कांडीचा एक ब्रश होता. केस तसेच, टोक सुईसारखं. लेक म्हणाली, बाबा, हे काय हो. मी म्हटलं, माहीत नाही. म्हणजे लेकीशीही खोटं बोललो, आई जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते.

साहेब साखरखेर्ड्याचे, एवढं मला माहीत होतं. एस.टी.नं गेलो. स्टँडवर विचारलं, जनावरांचे डॉक्टर रिटायर होऊन आले ते कुठं राहतात. चहावाला म्हणाला, "डॉक्टर नोहत काका थे, ड्रेसर हायत." सगळं गाव तयार करून ठेवलं होतं त्यांनी. रस्त्यानं चालताना दोन ट्रॅक्टर गेले. मी वाकून त्यांच्या रेडिएटरकडे पाहिलं. दुसऱ्याच्या ड्रायव्हरनं गाडी हळू करून विचारलं, काय झालं काका. मी म्हटलं, काही नाही.

साहेब ओट्यावर बसले होते. मोतीबिंदू काढलेला, जाड चष्मा. पुढ्यात भाच्याचे तेच जुने प्लास्टिकचे घोडेस्वार, त्यांच्यावरचा रंग खरवडून नव्यानं रंगवत होते. मला एकट्याला पाहून माझ्या मागं पाहिलं.

"वैनी?"

"गेली. श्रावणात."

त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला. बराच वेळ तो पाण्यातच फिरवत राहिले. मग आत जाऊन स्वतः चहा करून आणला, आणि कप माझ्या हातात देऊन समोर बसले. मी खिशातून कांडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, तिचाच आहे, मीच बांधून दिला होता.

रस्त्यानं मी पुष्कळ काही ठरवलं होतं. तिथं एवढंच निघालं.

"साहेब, थे मी भंगार समजून नाही टाकले. पाहून टाकले."

"मले माहीत हाय."

"कधीपासून?"

"मी निघालो त्या दिवसापासून. मले नाही सुचलं, वैनीले सुचलं." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडाकडे न पाहता ऐकलं. बदलीचं सामान बांधताना ती पेटी घेऊन आली होती. म्हणाली, भाऊ, ही टोपणं पाहा. भंगार आमचे हे कधी निवडत नाहीत. प्लास्टिक असो, रबर असो, सगळं पळीत टाकतात, जळू देतात आणि वर तरंगणारी काळी काट मागून काढून फेकतात. तीस वर्षं पाहून राह्यली मी. यायनं एकेक उपटला हाय. एकेक हातात घेतला. हातात घेतल्यावर तोंड दिसलंच असंन.

खरं होतं. मी प्रत्येकाचं तोंड पाहिलं होतं. त्या फौजेत मी अजून कशाकशात आहे ते शोधत होतो.

"वैनीनं माफी मांगितली माह्यी," साहेब म्हणाले. "तुमच्यावतीनं. मी म्हनलं, तुमी त्यायले विचारत काऊन नाही? तं म्हने, इचारलं का थे खोटं बोलतीन, अन् मंग मले थे दोन खोटे सांभायत बसा लागन. सांगतीन तवा सांगतीन."

आठ वर्षं. एका ताटात जेवलो नाही म्हणा, पण एका चुलीवरचं जेवलो. रोज रात्री ती दिवा मालवायच्या आधी विचारायची, काही पायजे काय. मी म्हणायचो, नाही.

चहा निवला होता. मी चिडलो. आता सांगायलाही लाज वाटते की त्या वेळीसुद्धा मी चिडलोच. म्हटलं, तुम्ही दोघं माझ्या उंचीला हसत होते. मी खिडकीतून पाहिलं. उंची जमली म्हणून हसले.

साहेबांना आठवायला वेळ लागला. आठवल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"चारदा मोडला होता तो तिनं," ते म्हणाले. "कवा लंबा व्हाचा, कवा अगदीच खुजा. पाचव्यांदा जमला म्हनून हासलो."

मग त्यांनी सांगितलं तो बुटका कोण होता. त्या खेळात बुटक्यांची एक जातच असते. डोंगराच्या पोटात राहतात, आणि दुनियेतले सगळ्यात चांगले लोहार. माणसाचा राजा असो की कोणी असो, तलवार पाहिजे तर त्यांच्या दारात यावं लागतं. त्यातला मोठा लोहार लढायला पुढे जात नाही, मागं उभा राहतो, पण तो पडला की सगळ्या फौजेची धार जाते. साहेब तिला एकदा सहज हे सांगत होते. ती लांबी मळता मळता थांबली. म्हणाली, "बुटकेच असतात? सगळे?" ते म्हणाले, हो, सगळे. ती म्हणाली, मंग थो माह्याकडं द्या.

अमावास्येला दुकान बंद असायचं, तेव्हा दुपारी मी जेवून आडवा झालो की ती शिवायचा दोरा घेऊन बसायची आणि माझं तोंड मोजायची. नाकापासून मिशी किती, मिशीपासून डाग किती. दोऱ्याला गाठी मारून साहेबांकडे न्यायची. हे ऐकलं आणि मला ती दुपार आठवली. मी जागा झालो तर तोंडावर दोरा. मी तिचा हात झटकला, काय करून राह्यली म्हणून ओरडलो. ती म्हणाली, माशी बसली होती.

दसऱ्याला ऐरणीवर ठेवणार होती ती त्याला. कुंकू लावून.

मी उठलो. मला तिथं बसवेना. साहेब म्हणाले, थांबा. आत गेले आणि बिस्किटाचा जुना डबा घेऊन आले. डब्यात रबराच्या दोन वड्या, एकावर एक ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेल्या. रबर पिवळं पडलं होतं.

"साचा हाय. थे म्हनल्या होत्या, सांगाले आले तं द्या. नाही आले तं राहू द्या."

मी दोन्ही हातांनी घेतला. माफी मागायचं राहूनच गेलं. स्टँडवर आल्यावर लक्षात आलं की मी त्यांच्या शंभर बाहुल्यांबद्दल एक शब्द बोललो नाही. त्यांची सहा वर्षांची डोळ्यांची मेहनत, आणि मी माझ्याच एका बुटक्याचं रडून परत निघालो. परत जायला पाहिजे होतं. गाडी लागली होती, मी बसलो. अजून गेलो नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भट्टी पेटवली. चाळीस वर्षं डाख ओतली, पण पहिल्यांदा साचा कोमट करायचा विसरलो आणि बुटक्याचा हातोडा अर्धाच आला. दुसऱ्यांदा मिशी आली नाही. तिसऱ्यांदा पूर्ण आला. कडा घासून उन्हात धरला तर पाठीवर, कातडीची गाठ बांधतात तिथं, खड्डा दिसला. मला वाटलं ओतण्यात हवा राहिली. चष्मा लावून पाहिलं तर त्यात रेषा होत्या, बारीक, गोल गोल. अंगठ्याचा ठसा. भिंग लावून ठसे पुसणाऱ्या साहेबांनी तो पुसला नव्हता. माझा अंगठा मी त्यावर ठेवून पाहिला. मोठा आहे, बसत नाही.

ऐरणीला, हातोड्याला, पळीला मी स्वतः कुंकू लावलं. एक निळं टोपण शोधून आणलं आणि त्यावर त्याला उभा केला. हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाची एक डबी घेऊन आलो, चपलांना लावायचा नाही, पाट्या रंगवायचा. कांडीचा ब्रश जवळच आहे. साहेबांचा कायदा, डोळे आधी.

काल एक ट्रकवाला आला, ओळखीचा, जन्मभर मला बुटक्या म्हणत आलेला. टोपण हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, हा कोन?"

"मी हाय."

तो हसला नाही. बोटानं मिशी चाचपली, गाल चाचपला. "डोये नाही काढले याचे?"

"नाही."

"काऊन?"

मी त्याचा रेडिएटर टाकीत बुडवला आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहत बसलो.